ठकूबाईचा पातेरा

आत्मगिरी महाराज त्या वर्षी आश्विनात तळीखांबला आले आणि आठ दिवस राहिले. कोकणातलं एवढंसं गाव. खाली खाडी, वर डोंगर, मधे सोमेश्वराचं देऊळ. देवळाच्या ओसरीवर महाराजांनी घोंगडी टाकली आणि दर्शनाला रीघ लागली. त्या रिघेत सगळ्यांत मागे, खांबाच्या आड, एक बाई रोज येऊन उभी राहायची. पुढे यायची नाही. अंगाला शेणाचा वास येतो म्हणून तिची तीच लाजायची. तिचं नाव ठकूबाई.

ठकूबाई विश्रामराव खोतांच्या गोठ्यात राबायची. नवरा गेल्यापासून अकरा गाई हाच तिचा संसार. तिला स्तोत्र येत नव्हतं, पोथी वाचता येत नव्हती. रोज सकाळी झाडांखालचा वाळका पाला, ज्याला कोकणात पातेरा म्हणतात, तो टोपलीत भरायचा, मुठीमुठीला ‘हरि हरि’ म्हणायचं आणि तो नेऊन गाईंच्या अंगाखाली पसरायचा, एवढीच तिची पूजा.

पण त्याच वर्षीच्या वैशाखात खोतांनी गोठा नवा बांधला. खोतांची गाईवर श्रद्धा नव्हती असं म्हणणं पाप होईल. गाय ही देवता, तेव्हा गोठाही देवळासारखा हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. खाली घडीव काळ्या दगडाची फरशी घातली, घोटून आरशासारखी केली. दिवसातून तीन वेळा धुवायचा हुकूम. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला गोठा दाखवायचा. “पान मांडा आणि जेवा इथे! एक काडी दिसली तर सांगा!”

ठकूबाई पहिल्याच दिवशी टोपली घेऊन गेली, तर खोत दारातच आडवे आले.

“हे काय गं?”

“पातेरा, धनी. दगूड गार लागतो ओ गाईंना.”

“वा! आज गादी, उद्या उशी मागशील, परवा मच्छरदाणी!” ओटीवरची मंडळी खो खो हसली. “देवघरात कुणी पालापाचोळा पसरतं का? देवी आहे ती, ठकू. नेऊन टाक ते उकिरड्यावर.”

“देवी हाय, पन तिला बसाया लागतं ना ओ,” ठकूबाई पुटपुटली. कुणी ऐकलं नाही.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. पहाटे गोठ्यात शिरलं की शेणाला हात घालण्याआधी ती प्रत्येक गाईखाली तळवा टेकवून बघायची. गाय रात्री बसली असेल तर दगड कोमट लागायचा. पावसाळा आला तसे एकेक दगड गार लागू लागले. गाई बसायला भीत होत्या. बसताना पाय सटकायचे, उठताना गुडघे सोलायचे. मग त्या उभ्याच राहायच्या, रात्र रात्र, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत.

त्यातली पवळी वसुबारसेच्या नऊ दिवस आधी व्याली. गोठ्यातली सगळ्यांत देखणी गाय, आणि वासरू अगदी तिच्यासारखं. पण व्याल्यापासून पवळीखालचा दगड एकदाही कोमट लागला नाही. ठकूबाई रोज दोन-दोनदा हात टेकवून बघायची. वासराला पाजताना पवळीचे मागचे पाय लटलट कापायचे.

शेवटी धीर करून तिने खोतांना सांगितलं, “धनी, पवळी बसत नाय ओ. पडंल कधीतरी.”

“उभी आहे ना? मग धडधाकट आहे. आजारी गाय बसते, ठकू. तुला गोठ्यात बारा वर्षं झाली आणि एवढंही कळत नाही?”

बिचारीने गोठ्यामागे फणसाखाली थोडा पातेरा लपवून ठेवला होता. खोत झोपले की पसरीन आणि पहाटे उचलून नेईन, असा तिचा बेत. वसुबारसेच्या आदल्या दिवशी खोतांना तो ढीग दिसला. त्यांनी स्वतःच्या हाताने काडी लावली.

त्या संध्याकाळी ती देवळात खांबाआड उभी होती. डोळे पुसायचे नाहीत असं ठरवूनही पदर डोळ्यांकडे जात होता. एवढ्यात महाराजांनी बोलणं थांबवलं आणि खांबाकडे बघून विचारलं, “माऊली, गाय बसली का?”

सगळे माना वळवून बघू लागले. ठकूबाईने खांब घट्ट धरला. हे तर तिने खोतांखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं!

“नाय महाराज,” ती कशीबशी म्हणाली.

महाराज म्हणाले, “बसेल. तू हात टेकवायचा सोडू नकोस.”

दुसऱ्या दिवशी वसुबारस. आपण बायका त्या दिवशी गहू आणि दूध वर्ज्य करतो, वासराच्या वाटचं त्याला राहावं म्हणून. खोतांच्या गोठ्यात तिन्हीसांजेला पूजा मांडली होती. दुपारपासून अवेळी पाऊस कोसळत होता, तरी गावातल्या सवाष्णी आल्या. समया लावल्या, पवळीला झूल घातली, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ. फरशी अशी लखलखत होती की समया खालीही पेटल्यासारख्या दिसाव्यात.

एकेक सवाष्ण पुढे होऊन पवळीच्या खुरांवर तांब्याभर पाणी घालू लागली. ठकूबाई कोपऱ्यात उभी राहून ते पाणी कुठे जातं ते बघत होती. ते कुठेच जात नव्हतं. सातवी झाली, आठवी झाली. पवळीचे मागचे खूर कणाकणाने फाकत होते.

“बायांनो, पुरे ओ आता! घसरंल ती!”

“गप!” खोत ओरडले. “पूजेत मोडता घालतेस?”

नववा तांब्या पडला आणि पवळीचे मागचे पाय दोन दिशांना गेले. धाडकन ती कुशीवर आदळली. झुलीसकट, घंटेसकट. वासरू वीतभर अंतराने वाचलं. बायका किंचाळल्या.

सहा गडी धावले, पोटाखालून दोर घातला आणि ओढू लागले. पवळी धडपडायची, तिचे खूर दगडावर खरखर वाजायचे, गडीच घसरून पडायचे. चार वेळा झालं. पाचव्यांदा तिने मान टाकली. ठकूबाईने तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवला. कूस फुगू लागली होती. असं कुशीवर आडवं पडलेलं जनावर फुगत जातं, आणि मग फार वेळ राहत नाही.

“हिनेच दृष्ट लावली!” खोतांचा आवाज चिरकला होता. “पडेल, पडेल म्हणत होती! गाय गेली तर या गावात राहू नकोस, ठकू!”

गाव सुटेल हे ठकूबाईच्या ध्यानातही आलं नाही. वासरू आईच्या तोंडाला तोंड लावून हंबरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. ती पावसात धावत सुटली. अंगण ओलांडलं नाही तोच समोरून महाराज येताना दिसले, डोक्यावर घोंगडीची खोळ.

“महाराज, पवळी…”

“ठाऊक आहे. पातेरा आण.”

“जाळला ओ सगळा! आनि रानात चिखल हाय. ओला पाला घातला तर आनखी घसरंल ती.”

महाराज म्हणाले, “टोपली तू घे. बाकी ज्याचं नाव घेतेस तो बघेल.”

ती फणसाखाली गेली. पाणी घोट्यापर्यंत होतं. कालच्या राखेचा काळा रबडा झालेला. तिने डोळे मिटले, ‘हरि हरि’ म्हणत चिखलात मूठ घातली आणि मूठ कुरकुरली! डोळे उघडून बघते तर हातात फणसाची पिवळीधमक, चैत्रातल्यासारखी खडखडीत पानं. दुसरी मूठ, तिसरी मूठ. ती भरत गेली, पानं येत गेली.

ठकूबाई गोठ्यात आली तेव्हा तिच्या पदरातून, केसांतून पाणी निथळत होतं आणि डोईवरच्या टोपलीत पाला वाजत होता. खोतांनी एक पान उचललं. बोटांत चुरा झाला.

सात टोपल्या झाल्या. पवळीच्या भोवती, पायांखाली, पोटाच्या कडेने वीतभर थर झाला. महाराज तिच्या डोक्याशी बसले आणि गड्यांना म्हणाले, “ओढू नका. नुसती छातीवर बसती करा.” सगळ्यांनी मिळून तिला कुशीवरून छातीवर आणलं. पवळीने मोठी ढेकर दिली, कूस हळूहळू उतरली. नऊ दिवसांनी गाय बसली होती!

पण उठेल का? घटका गेली. पवळी डोळे मिटून होती. वासरू थकून गप्प झालं होतं. ठकूबाईची नजर त्या दोन मागच्या पायांवरून हलत नव्हती.

महाराज पवळीच्या कानाशी वाकले. “ऊठ गं माये. लेकरू उपाशी आहे.”

पवळीने कान हलवला. मग मागचा भाग उचलला, खूर पाल्यात रुतले, सटकले नाहीत. क्षणभर ती पुढच्या गुडघ्यांवर तशीच राहिली, जणू नमस्कार करावा. आणि उभी राहिली. वासरू धडपडत आचळाशी गेलं. गोठ्यात फक्त चुटूचुटू पिण्याचा आवाज.

विश्रामराव खोत धावत पुढे झाले आणि महाराजांच्या पायांशी उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसले. “चुकलो महाराज! क्षमा करा!”

“असाच बस जरा,” महाराज म्हणाले.

खोत बसले. महाराज वासराचं पिणं बघत राहिले. थोड्या वेळाने खोतांचे गुडघे ठणकू लागले, ओल्या दगडाचा गारठा मांडीपर्यंत चढला. त्यांनी उठायला एक पाय उचलला, तो सर्रकन सटकला आणि ते हातांवर आले. पुन्हा उचलला, पुन्हा सटकला. सगळ्या गावासमोर विश्रामराव खोत आपल्याच गोठ्यात चार पायांवर! पण हसलं कुणीच नाही.

खोत हळू आवाजात म्हणाले, “महाराज, या गाई रोज रात्री अशाच…?”

ठकूबाईला ते बघवलं नाही. तिने टोपलीच्या तळाशी राहिलेला मूठभर पाला घेतला, खोतांच्या पायाखाली सारला आणि म्हणाली, “आता उठा, धनी. आता नाय घसरनार.”

त्या पाल्यावर पाय रोवून खोत उभे राहिले. हात जोडून ते महाराजांकडे वळले, तर महाराजांनी मान हलवून पवळीकडे बोट दाखवलं. खोतांनी वाकून तिच्या सोललेल्या गुडघ्यांना हात लावला, तो डोळ्यांना लावला. आणि मग, साऱ्या सवाष्णी बघत असताना, त्यांनी ठकूबाईच्या शेणाचिखलाने माखलेल्या पावलांवर डोकं ठेवलं.