मनोऱ्यातले दूध

फार जुनी गोष्ट आहे. ऐकून इतकी वर्षे झाली, की म्हशीचे नाव मोरी होते की कोंडी, हेही आता खात्रीने सांगवत नाही. तिचे दूध भुकटीच्या कारखान्यात आले आणि उंच मनोऱ्यापाशी अडून बसले.

“मला परत पाठवा, मनोरेदादा. माझं रेडकू उपाशी आहे.”

“आज निघालंस तर वाटेतच नासशील,” मनोरा म्हणाला. “तुझं पाणी मला दे. दोन वर्षं टिकशील. मग कोमट पाणी मिळालं, की पुन्हा दूध!”

“फार भाजेल का?”

“वरून तुषार होऊन उडशील, गरम वारा लागेल, तळाशी पोचेपर्यंत कोरडं. ओरडायला वेळच मिळत नाही, बघ.”

रेडकासाठी दुधाने तेही सोसले. एका क्षणात पाणी गेले आणि उरलेली भुकटी पोत्यात पडून राहिली. ‘आता ते उड्या मारत असेल,’ असे ती रोज मनाशी म्हणे.

दोन वर्षांनी ते पोते नेमके त्या म्हशीच्या मालकाच्याच गोठ्यात उघडले. कोमट पाण्यात भुकटीचे दूध झाले आणि भलतीच वासरे बादलीत तोंड घालू लागली.

“आई, आपलं रेडकू कुठंय?” दुधाने म्हशीला विचारले.

म्हाताऱ्या म्हशीने रवंथ थांबवला.

“तू निघालंस, त्याच्या आठ दिवस आधीच ते गेलं होतं. मालकानं त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते माझ्यापुढं उभं केलं होतं. त्यालाच चाटत मी पान्हा सोडला. शिवण उसवली, तेव्हा मला कळलं.”