रायाजी नावाचा खांब

एका राज्यात धान्याचे एक लाकडी कोठार होते आणि त्यात लोखंडाचा एकही खिळा नव्हता. फ्रान्स देशाच्या सुतारांनी ते आपल्या रीतीने उभारले होते: एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत आणि आरपार लाकडी खुंटी. त्याची निगा रायाजी सुतार राखी.

एके दिवशी खवट्या जादूगार धान्य न्यायला आला आणि रांग सोडून पुढे घुसला.

"बुवा, रांग मागे आहे," रायाजी म्हणाला.

खवट्याने फुंकर मारली. कोठार कोसळले आणि रायाजी त्याच्याच एका खांबात विरून ढिगाऱ्यात पडला.

"कोठार होते तसे उभे राहील, तेव्हा हा माणूस होईल," खवट्या म्हणाला. "एक जोड चुकला, तर कायमचा लाकूड!"

रायाजीचा धाकटा भाऊ येसू धावत आला. एका खांबाला रायाजीच्या नाकासारखी वाकडी गाठ होती. येसूने तो खांब घरी नेला, त्याला पांघरूण घातले आणि रोज त्याच्यासमोर ताट वाढले.

राजा तुंगसेन दयाळू होता. त्याने उरलेल्या सगळ्या लाकडांना रंधा मारवला, तेल लाववले. पण जी दोन लाकडे एकमेकांना भेटत, त्या दोघांवर फ्रान्सच्या सुतारांनी एकच खूण कोरली होती. त्या साऱ्या खुणा भुशात गेल्या.

"कशी दिसतात?" राजाने विचारले.

"नवरदेवासारखी," येसू म्हणाला. "पण महाराज, आता कोणाची नवरी कोण?"

राजा भुशात हात घालून खुणा शोधू लागला.

येसू रानात सुतारपक्ष्याकडे गेला. पक्ष्याच्या पणजीने ते कोठार उभे राहताना पाहिले होते.

"तीन कामे करशील?" पक्ष्याने विचारले.

"दहा करीन!"

"तीनच कर. तुझ्या घाईला तीही जड जातील."

पहिले काम, जमिनीवर कोठाराचे चित्र खऱ्या मापाने काढणे. येसूने काढले. राजा कौतुकाने त्यावरून चालत गेला. येसूने पुन्हा काढले.

दुसरे काम, एकेक लाकूड त्या रेघांवर निजवून, ओळंब्याची दोरी धरून त्याचा जोडीदार शोधणे. प्रत्येक खाच एकाच टोकासाठी कोरलेली असे. येसूने परके टोक घुसवले की लाकूड ओरडे, "हे माझे सासर नव्हे!" मग येसू चरफडत दुसरे आणी.

कोठार उभे राहिले. मधली एक जागा रिकामी राहिली.

"तिसरे काम," पक्षी म्हणाला. "भावाला आण. खुंटी ठोक."

"आरपार?"

"आरपार."

"त्याला लागेल."

"लागेल."

"आणि मेला तर?"

"तुझ्या घरी तो रोज किती जेवतो?"

येसू घरी गेला. त्याने खांब खांद्यावरून आणला, जागी बसवला. घण उचलला. खाली ठेवला.

"मी मारू का?" राजाने विचारले.

"हात तर लावून बघा!" येसू म्हणाला आणि डोळे मिटून त्याने घण हाणला.

"आई गं! येश्या, डोळे उघडून मार!"

खांब जागीच राहिला आणि त्यातून रायाजी खांदा चोळत बाहेर आला. येसूने मारलेली मिठी सुटेना.

"श्वास घेऊ दे," रायाजी म्हणाला. "आणि रोज कारले? मला बोलता येत नव्हते म्हणून?"

"तू नको म्हणशील, याची वाट बघत होतो, दादा."

काम पुरे झाले म्हणून रायाजीने फ्रान्सच्या सुतारांच्या रीतीप्रमाणे आढ्यावर हिरवी फांदी बांधली. दारे उघडली, रांग लागली. सर्वांत शेवटी खवट्या पिशवी घेऊन मुकाट उभा होता.

रायाजीच्या खांद्यावर खुंटीएवढा गोल वण राहिला. साऱ्या खुंट्या ठोकताना घणाच्या दांड्याने येसूच्या तळहातावरही तेवढाच गोल घट्टा पडला. सुतारपक्ष्याने दोन्ही खुणा चोचीने मोजून पाहिल्या आणि म्हटले, जोड बरोबर आहे.