तीन नंबरच्या दाराबाहेरची चप्पल

एका गावात भूपालअण्णा नावाचे एक कोल्ड स्टोरेजवाले होते. द्राक्षांचा मुलूख, त्यामुळे आसपासच्या शेतकऱ्यांचा बेदाणा त्यांच्या थंड चेंबरांमध्ये महिनोन्‌महिने राहायचा. धंदा चांगला होता आणि माणूसही चांगला, पण भित्रा. पाल चुकचुकली तरी अण्णा उठून जनरेटर तपासून यायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, अण्णांच्या पाठी तर त्याचं सगळं खटलं होतं.

ऑफिसला लागून असलेल्या खोलीत अण्णांचा एक मोठा कॉम्प्युटर होता. त्याच्या पोटात सहा छोटे कॉम्प्युटर नांदायचे. ते हाताला लागत नसत, पण प्रत्येकाचं काम वेगळं होतं. ही कामं बघणारी सुलक्षणा मगदूम त्यांना आभासी मशिनं म्हणायची. एक मशीन थंडी सांभाळायचं. दुसरं, अमोनिया गळला तर भोंगा वाजवायचं. तिसरं कोण कुठल्या चेंबरमध्ये गेलं त्याची नोंद ठेवायचं. उरलेली तीन मशिनं पावत्या छापायची, शेतकऱ्यांना मेसेज धाडायची आणि व्यापाऱ्यांना बेदाण्याचे फोटो दाखवायची. अमोनिया म्हणजे थंडी करणारा वायू. पाइपात आहे तोवर गुणी, बाहेर पडला की डोळे आणि छाती जाळतो.

इथे एक जुनी रीत होती. चेंबरची दारं जड, आणि कडी फक्त बाहेरून. म्हणून आत जाणाऱ्याने चप्पल दाराबाहेर काढायची, गमबूट चढवायचे आणि मग आत पाऊल टाकायचं. बाहेर चप्पल दिसतेय तोवर कडीला हात लावायचा नाही. ही शिस्त अण्णांच्या वडिलांनी घातली होती. प्लांट सांभाळणारे दस्तगीरचाचा ती तीस वर्षं पाळत होते.

एका पावसाळ्यात नदीकाठच्या दुसऱ्या एका कोल्ड स्टोरेजात पुराचं पाणी शिरलं. त्यांचा कॉम्प्युटर बुडाला. बातमी ऐकून अण्णांचं जेवण सुटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुलक्षणाला बोलावलं.

"आपली सगळी मशिनं त्या क्लाउडवर न्या," ते म्हणाले. क्लाउड म्हणजे दूरच्या शहरात भाड्याने मिळणारे कॉम्प्युटर. तिथवर पुराचं पाणी पोचणार नव्हतं.

"अण्णा, काही तिकडं नेऊ, काही इथंच ठेवू," सुलक्षणा म्हणाली. "दोन्हीकडं मिळून चालवतात लोक. हायब्रिड म्हणतात त्याला. पण कुठलं कुठं ठेवायचं, ते तुम्ही ठरवा."

तिने दस्तगीरचाचांदेखतच एक कागद पुढे केला. त्यावर सहा मशिनांची नावं होती आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हे बंद पडलं तर किती वेळ चालेल?

अण्णांनी पेन उचललं. पावत्या एक दिवस थांबल्या तरी आभाळ कोसळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. फोटो तर आठवडाभरही थांबले असते. पण त्यांना वाटलं, आपण 'एक दिवस' असं लिहिलं की लोक त्या मशिनाकडे ढुंकून बघणार नाहीत. मग त्यांनी सहाही ओळींत एकच उत्तर लिहिलं: एक मिनिटही नाही.

"सगळ्यांना एकच उत्तर दिलंत. मग मी निवडू कशी?"

"निवडायचंच न्हाई. सगळी एकदम हलवायची."

सुलक्षणाला हे पटलं नव्हतं. पण मालकापुढे किती बोलायचं, म्हणून ती गप्प बसली. चूक तिचीही झाली. आठ दिवसांत सहाही मशिनं एकाच वायरवरून दूरच्या शहरात गेली. अण्णांच्या टेबलावर एक मोठा स्क्रीन आला. त्यावर कुठल्या चेंबरमध्ये कोण आहे ते आणि प्रत्येक मशिनाचा एक असे सहा हिरवे दिवे दिसायचे. अण्णा येता-जाता ते मोजायचे.

मग त्यांनी दस्तगीरचाचांना सांगितलं, "भाई, आता कॉम्प्युटरच सांगतोय कोण आत हाय ते. दाराशी चपला कशाला? आलेले व्यापारी बघतात, बरं दिसत न्हाई."

"बरं अण्णा," चाचा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी चप्पल तिथेच काढली. तीस वर्षांची सवय मालकाच्या एका वाक्याने थोडीच जाते.

चार महिने सुखाचे गेले. मग एका बुधवारी, ऐन दुपारी, बाहेर रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने जमिनीतली वायर तोडली. कुणाला कळलंही नाही. स्क्रीनवर शेवटचे आलेले सहा हिरवे दिवे तसेच थांबून राहिले.

थोड्याच वेळात दस्तगीरचाचा तीन नंबरच्या चेंबरमध्ये शिरले. त्यांनी दारावरच्या यंत्राला कार्ड लावलं, पण ती नोंद पुढे जाणार कुठून? ते पेट्यांच्या थप्प्यांमागे गेले आणि वरच्या पाइपाचा एक जोड सुटला. अमोनिया फसफसत बाहेर आला. भिंतीवरच्या यंत्राने तो ताबडतोब ओळखला आणि भोंगा वाजवू का, असं दूरच्या शहराला विचारलं. उत्तर आलं नाही. भोंगा मुका राहिला.

अण्णा ऑफिसात होते. त्यांच्या नाकाला तो वास झोंबला. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. सगळं हिरवं. तीन नंबर: आत कोणी नाही. मग वास कसला? ते नाकाला रुमाल लावून बोळात धावले. वास तीन नंबरच्या दाराच्या फटीतून येत होता. दार नुसतं लोटलेलं होतं.

अण्णांच्या डोक्यात एकच विचार उरला, की हा गॅस बाहेर येता कामा नये. आत कोणी नाही, दार घट्ट लावून टाकावं, सगळ्यांना बाहेर काढावं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी दार दाबलं, कडी धरली आणि ती अर्धी सरकवली.

डोळे पुसायला म्हणून त्यांनी मान खाली घातली. पायाशी चप्पल होती. झिजलेली, अंगठ्यापाशी निळ्या सुतळीने बांधलेली. ती कुणाची हे साऱ्या गावाला माहीत होतं.

कडी हातात होती, ती ना पुढे जाईना ना मागे. तेवढ्यात दाराच्या आतून, अगदी खालून, नखांनी खरवडल्यासारखा आवाज आला.

त्यांनी कडी मागे खेचली आणि दार ओढलं. दस्तगीरचाचा जमिनीला चिकटून रांगत दारापर्यंत आले होते. डोळे मिटलेले, तोंडावर रुमाल. वास आला तशी सुलक्षणा पाण्याने भिजवलेला टॉवेल घेऊन धावत आली. दोघांनी चाचांना बगलेत धरून अंगणात आणलं. "मेन व्हॉल्व्ह," चाचा एवढंच बोलले. सुलक्षणाने टॉवेल तोंडाला बांधला आणि बाहेरच्या भिंतीवरचं चाक फिरवून वायू बंद केला.

चाचांच्या डोळ्यांवर दवाखान्यात तासभर पाणी सोडत होते. छाती जळत होती, पण जीव वाचला होता. अण्णा बाहेरच्या बाकावर बसले होते. संध्याकाळी त्यांना आत सोडलं.

"भाई, मी कडी लावत होतो," अण्णा म्हणाले. "अर्धी लावली होती."

चाचांच्या डोळ्यांवर पट्टी होती.

"ऐकू आली मला," ते म्हणाले.

अण्णांना रडू आवरलं नाही.

मग चाचा घोगऱ्या आवाजात अण्णांमागे उभ्या असलेल्या सुलक्षणाला म्हणाले, "पोरी, त्यो कागद परत काढ. त्यात किती वेळ चालंल, असं इचारू नको. हे गप्प बसलं तर कोण मरंल, असं इचार."

तिथेच, खाटेशेजारी, कागद पुन्हा भरला गेला. पावत्या? कोणी नाही. मेसेज? कोणी नाही. फोटो? कोणी नाही. ही तिन्ही क्लाउडवरच राहिली. थंडीच्या मशिनापुढे अण्णांनी लिहिलं, "शेतकऱ्याचं वर्ष." भोंगा आणि दारांची नोंद या दोन ओळींपुढे त्यांनी दस्तगीरभाईंचं नाव लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. ही तिन्ही मशिनं परत घरी आणायचं ठरलं. खोली पुराच्या पाण्याच्या वर, माडीवर हलवली. बॅटरी बसवली, जोडीला एक राखीव कॉम्प्युटर ठेवला, आणि त्यांची एक नक्कल रोज क्लाउडवर जाऊ लागली. घर बुडालं तर नक्कल तिकडे, वायर तुटली तर भोंगा इकडे.

स्क्रीनलाही सुलक्षणाने एक गोष्ट शिकवली. बातमी येणं थांबलं की दिवा हिरवा राहत नाही, काळा होतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सगळे बाहेर आहेत याची खात्री करून, सुलक्षणा क्लाउडकडे जाणारी वायर मुद्दाम उपसते. दस्तगीरचाचा यंत्रापुढे अमोनियात भिजवलेला कापसाचा बोळा धरतात. अण्णा भोंग्याखाली उभे राहतात. भोंगा वाजेपर्यंतचे ते दोन-तीन क्षण त्यांच्याच्याने काढवत नाहीत. तो वाजला की ते खाली बसतात.

भीती काही गेलेली नाही. कुठल्याही दाराची कडी लावायची झाली, अगदी घरातल्या देवघराची, तरी अण्णा आधी खाली वाकून बघतात.

तात्पर्य: भित्र्याला सगळंच सारखं जिवाचं वाटतं, म्हणून खरा जीव कुठे आहे ते त्याला दिसत नाही. कामं वाटून देताना आधी विचारावं, की हे गप्प झालं तर कोण मरेल. ज्याचं उत्तर माणसाचं नाव असेल, ते त्या माणसाच्या दाराशीच ठेवावं. बाकीचं खुशाल परगावी धाडावं.