ठकाईचं कुंपण

फार फार वर्षांपूर्वी सोनाळ्याच्या डोंगरात कडजाईची राई होती. राई आजही आहे, पण तेव्हा ती इतकी दाट होती की भर दुपारी आत दिवा न्यावा लागे, असं म्हणतात. राईच्या पायथ्याशी झरा होता आणि त्या झऱ्यावर सगळं गाव जगत होतं.

कडजाईची पूजा ठकाई गुरवीण करायची. राईबाहेरच्या देवळामागे तिनं देवीसाठी झेंडू आणि शेवंती लावली होती, पण शेळ्या एक कळी राहू देत नसत. एकदा ती घाटमाथ्यावरच्या साहेबाच्या बंगल्यावर गेली. तिथल्या बागेला झुडपांचं कुंपण होतं. एकाच गुच्छात पिवळी आणि लाल फुलं, जणू हळदीकुंकू. शेळी त्या झाडाला तोंडसुद्धा लावत नव्हती. ठकाईनं माळ्याकडून चार फांद्या मागून आणल्या.

कुंपण असं फोफावलं की बायका बघायला येऊ लागल्या. सोनाळ्यात रीत होती, दारात आलेल्या बाईनं रोप मागितलं तर नाही म्हणायचं नाही. ठकाईनं कुणालाच परत पाठवलं नाही. घरोघर कुंपणं झाली. मग त्यांना काळी फळं धरली, बुलबुलांनी ती खाल्ली, आणि कुंपणाला पाय फुटले.

आधी गायरान गेलं. गवत दिसेनासं झालं. उपाशी गुरांनी तीच पानं खाल्ली. त्यांची नाकाडं सोलली, डोळे पिवळे पडले. लोकांनी कोयते चालवले, पण छाटावं तसं ते आणखी दाट येई. हाताचा उग्र वास धुऊन जाईना. मग त्या झाडाला सगळे घाणेरी म्हणू लागले.

एका सकाळी ठकाईला राईच्या आत, थेट देवीच्या मूळ ठाण्यापाठी, पिवळी-लाल फुलं दिसली. ती तशीच पाटलांकडे धावली. कारण राईतलं पानसुद्धा तोडायला बंदी होती.

"राईत जे उगवतं ते देवीचं," राणोजी पाटील म्हणाले. "हात लावशील तर हात झडंल, ठके. आणि कोप व्हायचा तो गावावर."

"पण पाटीलमामा, जांभळीखाली यंदा एक रोप नाही. ही म्हातारी झाडं पडली की मागं कोण? झरा कुणाच्या सावलीत राहील?"

"फुलं वाटताना लई हौस होती गुरवणीला!" शेजारची सगुणा म्हणाली.

"पदर पसरून तूच पहिली आली होतीस गं," ठकाई म्हणाली, आणि तिला रडू आलं.

त्यानंतर तिला घास गोड लागेना. रोज ती झऱ्याचं पाणी बघे, आणि रोज तिला ते कमी वाटे. शेवटी श्रावणात, माती मऊ असताना, ती कोयता न घेता राईत शिरली. देवीपुढे उभी राहून म्हणाली, "आई, तू लावलेलं मी तोडत नाही. मी लावलेलं मी काढते." मग तिनं डाव्या हातानं पहिलं झुडूप धरलं. झडला तर डावा झडावा, पूजेला उजवा राहावा म्हणून.

हात झडला नाही. पण ती पुढं काढत जाई तसे बुलबुल मागं बी टाकत जात. ठकाई घरी आलीच नाही. गाव राईच्या कडेला उभं राहून मुळं तुटल्याचा आवाज ऐके. आत जायची कुणाची छाती होईना. पुढं पुढं पाखरं बी जमिनीवर न टाकता तिच्या पदरात टाकू लागली, असं म्हणतात.

एके दिवशी आवाज थांबला. तेव्हा सगुणाच पहिली आत धावली. ठकाई कुठंच नव्हती. मुळं वर करून पडलेल्या घाणेरीचे ढीग होते, आणि जांभळीखाली दोन पानांचं कोवळं रोप. इतक्यात खूप आतून पुन्हा मूळ तुटल्याचा आवाज आला. सगुणानं डोळे पुसले, डावा हात पुढं केला आणि समोरचं झुडूप उपटलं.

आजही सोनाळ्यात नव्या सुनेनं माहेराहून आणलेलं रोप आधी देवळाच्या ओट्यावर कुंडीत ठेवतात. त्याला फळ धरेपर्यंत आणि पाखरं त्याचं काय करतात ते दिसेपर्यंत कुणीही मागितलं तरी देत नाहीत. आणि श्रावणात बायका कोयता न घेता राईत जातात. पहिलं झुडूप डाव्या हातानं उपटतात आणि म्हणतात, "मी लावलेलं मी काढते."

बाहेर आल्या की त्या कडेला गप्प उभ्या राहतात आणि कान देतात. आतून आवाज आला की मगच घरी जातात. अलीकडे तो आवाज फार लांबून येतो, असं म्हणतात. एखाद्या वर्षी येतच नाही. तेव्हा बायका पदर खोचतात आणि पुन्हा आत शिरतात.