फळीवरचा जुना चार्जर

यंत्रं एकमेकांशी बोलायची आणि माणसं मधे तोंड घालत नसत, त्या काळची ही गोष्ट.

इलाही मिस्त्रींच्या गॅरेजात जीपची एक बॅटरी वर्षभर पडून पार उतरली होती. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता. शेवटचा उपाय म्हणून मिस्त्रींनी तिला नव्या, आपोआप चालणाऱ्या चार्जरचे चिमटे लावले.

"छे! इथं तर कुणी जोडलेलंच नाही," नवा चार्जर म्हणाला आणि सुरूच झाला नाही. बॅटरीत थोडा तरी जीव जाणवला, तरच तो कामाला लागे.

"अहो, मी आहे की!" बॅटरी जिवाच्या आकांताने ओरडली. पण तिचा आवाजच निघेना.

मिस्त्रींनी फळीवरचा जुना चार्जर काढला. त्याचा करंट हाताने कमीजास्त करावा लागे. त्याने काही विचारलं नाही. "घोट घोट घे, पोरी," एवढंच म्हणाला.

चार्जरच्या मीटरवरचा काटा थरथरला, हलला, चढायला लागला!

"काका, आणखी द्या!"

काका देतच राहिले. द्यायचं त्यांना ठाऊक, थांबायचं मात्र नाही. बॅटरीचं अंग तापू लागलं. मिस्त्री तिच्यावर हात ठेवूनच बसले होते. त्यांनी झटकन चिमटे काढले आणि ती निवल्यावर पुन्हा नव्या चार्जरचे लावले.

"या, या!" नव्याने अदबीने स्वागत केलं, मोजूनमापून भरलं आणि वेळेवर थांबला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याच्या देखत जीप घुर्रकन सुरू झाली!

"वा!" नवा चार्जर खूश झाला. "इतकी दमदार बॅटरी माझ्याकडे पहिल्यांदाच आली."

"दुसऱ्यांदा," बॅटरी म्हणाली. "आधी हाका मारत होती, तीही मीच."