पाठीला माती

“छातीवर बसतंय म्हणतोस. डावा गुडघा आधी टेकवतंय का उजवा?”

बाबालाल वस्तादांनी असं विचारलं आणि शिदगोंडा पैलवानाचा हात आपल्या छातीवर गेला.

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. देवाशपथ सांगतो, मी तेव्हा तालमीच्या उंबऱ्यात बसलो होतो. म्हणजे माझा जन्म त्यानंतरचा. पण आमच्या घरात ती इतक्या वेळा सांगितली गेली की उंबऱ्यातली माझी जागा आता कुणी काढून घेऊ शकत नाही. शिदगोंडा माझा सख्खा मामा. सख्खा नाही, आईच्या गावचा. आईच्या गावचा प्रत्येक माणूस मामाच लागतो, तेव्हा तिथंही मी खोटं बोललेलो नाही.

तर, डावा की उजवा?

“डावा,” शिदगोंडा म्हणाला.

वस्तादांनी मान हलवली. जुन्या ओळखीच्या माणसाची खूण पटावी तशी.

“मग?”

“मग उजवा. मग सगळं वजन. वस्ताद, डोळं उघडं असत्यात. शेजारी हिंदुराव घोरतोय ते ऐकू येतंय. खुंटीवरचा कंदील दिसतोय. पण बोट हलत न्हाई. हाक मारायला जातो तर आवाज...”

“कसं दिसतंय?”

“काळं. दारातनं येतंय. डोक्याला फेटा हाय. तोंड न्हाई.”

“म्हंजे पैलवान मुंडाशाला भ्यालाय,” मागून हिंदुराव म्हणाला.

पोरं हसली. वस्ताद हसले नाहीत. मग हिंदुरावच जरा वेळानं म्हणाला, “माझ्या आईच्या छातीवर म्हातारी बसायची. केस सोडून.”

“माझ्या चुलत्याच्या मांजर,” आणखी कुणीतरी म्हणालं.

प्रत्येकाच्या घरात कुणा ना कुणावर काहीतरी बसत होतं, आणि आजवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

शिदगोंडानं का सांगितलं नव्हतं, ते मात्र सांगायला पाहिजे.

वारणाकाठी तसा गडी नव्हता. एकदा भरल्या नदीतून तो रेडा खांद्यावर घेऊन पार झाला होता. रेडा नसेल, रेडकू असेल. पण भिजलेलं रेडकू कमी जड नसतं. आणि त्याची पाठ कुस्तीत कधी मातीला लागलेली नव्हती. विहिरीवर बाकीचे पैलवान एकमेकांच्या पाठीची तांबडी माती चोळून काढायचे. हा पुढून अंग धुवायचा, आणि कोरडी, स्वच्छ पाठ सगळ्यांना दिसेल असा काठावर उभा राहायचा.

“माझ्या पाठीला मातीचा रंग ठावं न्हाई,” म्हणायचा.

हा हट्ट इतका वाढला की झोपेतही पाठ खाली लावायची नाही, असं त्यानं ठरवलं. कुशीवर झोपायचा. झोपेत उलटू नये म्हणून पाठीशी एक नारळ लंगोटानं बांधून घ्यायचा.

आणि तरीही ते आलं, की हा उताणा असायचा. नारळ कुठंतरी बरगडीपाशी सरकलेला. दोन्ही खांदे भुईला. छातीवर वजन.

पैलवानाच्या डोक्यात त्याचा एकच अर्थ निघाला. कुणीतरी येऊन मला रोज चीत करतंय.

गावात त्याच्यासाठी हलगी वाजत होती, आणि तालमीच्या कोपऱ्यात तो रोज हरत होता. म्हणून त्यानं झोपणंच सोडलं. बैठका मारता मारता डुलक्या घ्यायला लागला. जत्रा तोंडावर आली होती. गोकाकच्या एका मल्लाशी त्याची जोड ठरलेली होती. त्या दिवशी सकाळी वस्तादांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं होतं.

“हे डोळं घेऊन तुला फडात उतरवायचा न्हाई मी. काय ते सांग, न्हाईतर जोड मोडतो.”

म्हणून त्यानं सांगितलं.

“भगताकडं गेलतास?” वस्तादांनी विचारलं.

“गेलतो. उशाखाली लिंबू आन् सुरी ठेवाय सांगितली.”

“ठेवलीस?”

“ठेवली.”

“मग त्या वक्ताला सुरी कुणी उचलायची? हिंदुरावानं?”

वस्ताद उठले. तालमीच्या मातीच्या हौद्यात उतरले. पायानं माती चाचपली, मऊ होती.

“इकडं ये. ओणवा हो.”

मग त्यांनी तालमीतली तीन जड पोरं त्याच्या पाठीवर बसवली. शिदगोंडानं एक हुंकार दिला आणि तिघं तीन दिशांना गेले. एक तर भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीला जाऊन चिकटला, असं माझे मामा सांगतात. नारळवाले नव्हे, दुसरे मामा.

“ताकद तर हाय,” वस्ताद म्हणाले.

“त्याच्याम्होरं चालत न्हाई, वस्ताद. जेवढा जोर लावतो तेवढं ते जड हुतंय.”

“मग जोर कशाला लावतोस?”

“जोर न्हाई लावायचा तर काय करायचं? मी पैलवान हाय.”

“पैलवान हायेस?” वस्तादांनी वाकून चिमूटभर माती उचलली. “कुस्ती लागायच्या आदी पैलवान काय करतो?”

हे त्या तालमीत लंगोट नसलेल्या मुलालाही माहीत होतं. फडात उतरलं की वाकायचं, माती उचलायची, आणि समोरच्याच्या हाताला लावायची. त्यानं आपल्याला लावायची. ती सलामी. ती झाल्याशिवाय कुस्ती लागत नाही. सलामी न देता जो भिडतो त्याला पैलवान म्हणत नाहीत, धटिंगण म्हणतात.

“माती लावतो,” शिदगोंडा म्हणाला.

“ह्याला कवा लावलीस?”

शिदगोंडानं आपल्या तळव्याकडं बघितलं.

“इतकं दिस येतंय बिचारं,” वस्ताद म्हणाले. “आन् तू सलामी न देता भिडतोस.”

कुणीच हसलं नाही. हिंदुरावसुद्धा.

“झोप,” वस्ताद म्हणाले.

“आता?”

“दुपारचं येत न्हाई का?”

“येतंय. जेवून जरा कलंडलो की...”

“मग झोप. हितं. हौद्यात. उताणा.”

शिदगोंडाचा चेहरा उतरला. मी बघितलं. म्हणजे ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलं.

“वस्ताद, पाठीला माती लागंल.”

“लागंल.”

“आजवर कुणी लावली न्हाई.”

“म्हणून तर म्हणतोय. तुझी तू लाव. मग त्याला लावायला काय उरतंय?”

बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरली. आतली पोरं एकमेकांकडं बघत नव्हती. त्या पाठीवर नुसत्या शिदगोंडाचाच नव्हे, अख्ख्या तालमीचा तोरा होता. शेजारच्या गावात भांडण झालं तरी ही पोरं त्या पाठीचं नाव घ्यायची.

“आन् न्हाई झोपलो तर?”

“तर पाठ कोरडी घिऊन घरला जा. जोड मोडली.”

शिदगोंडानं कोपऱ्यातल्या आपल्या अंथरुणावरचा नारळ उचलला. हिंदुरावाच्या हातात दिला. आधी बसला. मग कोपरावर टेकला. मग डोळे मिटून, थंड पाण्यात उतरावं तसा, हळूहळू पाठीवर गेला.

माती लागली.

छपराची कौलं पडली नाहीत. म्हैस पुन्हा हंबरली, एवढंच.

वस्तादांनी त्याचा उजवा तळवा उघडला, त्यात माती ठेवली, आणि बोटं सैल सोडली.

“आलं की झोंबायचं न्हाई. हाक मारायची न्हाई. श्वास सोडायचा, लांब. आन् फकस्त एक बोट मातीत फिरवायचं. सलामी द्यायची. पुढचं कुस्ती बघंल.”

“आन् बोट हललं न्हाई तर?”

“मोठं हलत न्हाई. करंगळी हलती.”

“तुमास्नी कसं ठावं?”

वस्ताद हौद्याच्या कडेला जाऊन बसले. पोरंही बसली, जत्रेत बसतात तशी, गोल.

इतक्या दिवसांचं जागरण होतं. शिदगोंडा लगेच घोरायला लागला. घोरणं असं, की कंदिलाची काच... जाऊ द्या. साधंच घोरत होता.

मग घोरणं थांबलं.

पापण्या उघडल्या. बुबुळं दाराकडं गेली. दारात कुणीही नव्हतं. ऊन होतं. पण सगळ्या पोरांनी दाराकडं बघितलं, आणि दाराजवळ बसलेले दोघं सरकून आत आले.

बुबुळं दारापासून हौद्यापर्यंत सरकली. कुणीतरी सावकाश चालत यावं आणि नजरेनं त्याला आणून पोचवावं, तशी. मग ती वर, छातीच्या वर, ठरली.

कपाळावर घाम फुटला. गळ्याची शीर तटतटली. एवढं मोठं अंग, आणि त्यातलं काहीच हलेना.

“वस्ताद, मरंल की ओ,” हिंदुराव उठला. मघाशी मुंडासं म्हणून हसणारा हिंदुराव. त्याच्या हातातला नारळ खाली पडला.

वस्तादांनी बसल्या जागेवरून त्याचं मनगट धरलं.

“खाली बस. जोडीत तिसरा पडत न्हाई.”

“पण...”

“बस.”

शिदगोंडाची शीर आणखी तटतटली. तो झोंबत होता. सवयीनं, जन्मभराच्या सवयीनं, आतून सगळा जोर लावत होता. चेहरा काळानिळा व्हायला लागला.

वस्तादांनी फक्त स्वतःचा श्वास सोडला. लांब. सगळ्यांना ऐकू येईल असा.

शिदगोंडाची शीर उतरली.

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. मग हिंदुराव कुजबुजला, “माती...”

उजव्या तळव्यातली माती सरकत होती. मुंगी चालावी इतकी. करंगळी मातीत एक बारीक रेघ ओढत होती. थांबली. पुन्हा ओढली. मग शेजारचं बोट उठलं. मग तिसरं. मग अख्खा पंजा मातीसकट वर आला, आणि त्या पंजानं समोरच्याला माती लावली.

समोर कुणी नव्हतं. पंजा त्याच्या स्वतःच्याच छातीवर पडला.

छातीवर पाच बोटं उमटली, तांबडी.

तालीम अशी ओरडली की बाहेर म्हशीनं दावं तोडलं. हे खरं आहे, म्हैस आमच्या आजोबांचीच होती. पोरं हौद्यात उड्या टाकत होती. हिंदुराव तर रडत होता आणि मी रडत नाही असं सांगत फिरत होता. शिदगोंडा मात्र उठला नाही. तसाच उताणा पडून हसत होता. छपराकडं बघत, पोट धरून हसत होता.

“गेलं?” वस्तादांनी विचारलं.

“गेलं.”

“काय म्हणालं?”

“काय न्हाई. माती लावली आन् उठून गेलं, वस्ताद. एवढं हलकं हुतं ते...”

“मग ऊठ की.”

“न्हाई. झोप आलीया.”

आणि तो झोपला. तिथंच. उताणा. दिवेलागणीला उठला, आणि अंग न धुता, पाठ तांबडी घेऊन, पेठेतून चालत निघाला. पाठोपाठ हलगीवाला, त्यामागं पोरं, पोरांमागं अर्धं गाव. कुस्ती न होता मिरवणूक निघाल्याचं वारणाकाठी दुसरं उदाहरण नाही.

चावडीवरून कुणीतरी ओरडलं, “काय पैलवान, पाठीला माती? कुणी लावली?”

“मीच,” शिदगोंडा म्हणाला, आणि वळून सगळ्यांना पाठ नीट दाखवली.

वस्तादांनी जोड मोडली नाही. जत्रेत शिदगोंडानं गोकाकच्या मल्लाला असा वर फेकला की माणसं टाळ्या वाजवून दमली तरी तो खाली यायचा होता.

...

बरं. हे मी रचलं. ती कुस्ती बरोबरीत सुटली. दोघंही घामानं निथळत उभे राहिले, आणि पंचांनी दोघांचे हात वर केले. आईच्या गावात हे कुणी कबूल करत नाही, म्हणून मीही करत नव्हतो. रेडकूही माझंच, आणि म्हशीचं दावं आधीच कुजलेलं असणार. पण ती करंगळी, ती माती आणि ती मिरवणूक, त्यात माझं काही नाही.

आणि जत्रेहून परततानाचं हे बोलणंही माझं नाही. मला ते सुचलं नसतं.

बैलगाडीत शिदगोंडा वस्तादांच्या शेजारी बसला होता. गाव दिसायला लागलं तेव्हा त्यानं हळूच विचारलं, “वस्ताद, आता यायचं न्हाई न्हवं ते?”

वस्तादांनी डोक्याचा फेटा काढला. उशाला घेतला. पाय लांब केले, आणि गाडीतल्या कडब्यावर सावकाश पाठ टेकली.

“आलंच तर निरोप सांग त्याला,” ते म्हणाले. “बाबालाल अजून उताणाच झोपतोय.”