वेशीवरचा पिंपळ

एका गावाला एक वेस होती. दगडी, दोन बुरुजांची, मधे उंच कमान. कुण्या जुन्या राजाच्या काळातली. गावाला तिचा भारी अभिमान. दसऱ्याला सगळं गाव वाजतगाजत तिच्याखालून सोनं लुटायला जाई. तोरण बांधायचं म्हणून तिच्या सांध्यांत खिळे ठोकले जात. मग हंबीरराव पाटील पायरीवर उभे राहून भाषण करत. भाषण दरवर्षी तेच असे आणि टाळ्याही तितक्याच पडत.

या वेशीच्या सावलीत सगुणाबाई माळीण भाजीची पाटी घेऊन बसे. वीस वर्षं ती तिथेच बसत होती. एक दिवस तिच्या मेथीच्या जुडीवर चुन्याचा खडा पडला. तिने वर पाहिलं, तर दगडांच्या सांध्यांतून पिंपळाची रोपं डोकावत होती. पाखरांनी बी टाकलेलं. उजव्या बुरुजावर दहा-बारा कोवळी रोपं, आणि डाव्या बुरुजात एक चांगला मनगटाएवढा पिंपळ.

मुळांचं बळ माळणीला कुणी शिकवावं लागत नाही. ती तडक उस्मान गवंड्याकडे गेली. म्हातारा आता कामाला जात नव्हता, पण त्याला ठाऊक सगळं होतं.

"वरून कापशील तर दुप्पट फुटंल," तो म्हणाला. "मुळासकट काढ आन् भोकात चुना भर. आन् एकदा करून भागत न्हाई बाई, दर साली बघावं लागतं."

दसरा आला. पाटलांचं भाषण रंगात आलं. "या वेशीसाठी आम्ही रक्त सांडू," ते गरजले.

गर्दीतून सगुणाबाई म्हणाली, "रगत नगं, पाटील. मंगळवारी तासभर या. येताना खुरपं आना."

लोक हसले. पाटीलही हसले. "येतो की," ते म्हणाले. "सगळं गाव घेऊन येतो."

मंगळवारी कुणी आलं नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. एकाचा पाय मुरगळला होता, एकाकडे पाहुणे आले होते, एकाला तर आज मंगळवार आहे हेच ठाऊक नव्हतं. रक्त सांडायला निघालेल्या गावात खुरपं धरायला एक हात मिळू नये, याचा संताप यायचा नाही तर कशाचा?

सगुणाबाईने वाट पाहणं सोडलं आणि शिडी लावली. दर मंगळवारी ती उजव्या बुरुजावर चढे, एकेक रोप मुळासकट ओढून काढी, भोकात चुना दाबून भरी. काढलेली रोपं फेकून द्यायला तिचं मन घेईना. ती पाटीत घालून ओढ्याकाठी नेऊन लावी.

तेव्हा मात्र गावाला वेळ मिळाला. मदतीला नव्हे, बोल लावायला. ज्याचा पाय मुरगळला होता तोसुद्धा शिडीखाली येऊन उभा राहिला. पिंपळ उपटते, साऱ्या गावाला पाप लागेल, असा ओरडा झाला.

"मी झाड मारत न्हाई," सगुणाबाई वरून म्हणाली. "जागा बदलतेय त्याची."

कुणी ऐकलं नाही. तिच्याकडची भाजी घेणं लोकांनी बंद केलं. सकाळी भरून आणलेली पाटी संध्याकाळी तशीच घरी जाई आणि सुकलेली मेथी म्हशीपुढे पडे. तिला वाईट वाटे, रडूही येई. पण मंगळवार आला की ती शिडी चढे.

उजवा बुरूज मोकळा झाला तशी ती डावीकडे वळली. तिथे पाटील आडवे आले. "त्या झाडाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "देव आहे तो." त्यांनी पिंपळाला लाल दोरा बांधला. तेव्हापासून दर शनिवारी बायका तांब्या घेऊन येऊ लागल्या आणि बुरुजाच्या फटीत पाणी ओतू लागल्या. म्हणजे बघा, जे झाड गावाची वेस फोडत होतं, त्यालाच गाव भक्तिभावाने पाणी घालत होतं.

सगुणाबाई पाटलांच्या दारी गेली. "झाडात देव हाय, कबूल," ती म्हणाली. "पर झाड भिंतीत हाय, पाटील."

पाटलांनी तिला बस म्हटलं नाही.

तीन पावसाळे गेले. पिंपळ मांडीएवढा झाला. श्रावणातल्या एका शनिवारी, भर दुपारी, सगुणाबाईला डाव्या बुरुजातून चुन्याची भुकटी झरताना दिसली. पाटी टाकून ती धावली आणि तांब्या घेऊन येणाऱ्या बायकांपुढे हात पसरून उभी राहिली.

"आज माघारी जा. बुरूज चाललाय."

पुढे तुळसाबाई होती, गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. "आता देवाला पानी घालायलाबी तू अडवणार?" असं म्हणून ती सगुणाबाईच्या सात पिढ्या उद्धरू लागली. तिचं बोलणं संपायच्या आत डावा बुरूज उकलला आणि कमानीला घेऊन खाली आला. बायका दर शनिवारी जिथे उभ्या राहत, नेमके तिथेच दगड पडले. धूळ खाली बसली तेव्हा सगळ्यांच्या हातातले तांबे अजून भरलेले होते. उजवा बुरूज जागचा हलला नव्हता.

पुढच्या दसऱ्याला गावाने सगुणाबाईचा सत्कार ठरवला. उरलेल्या बुरुजापाशी हलगी वाजली. पाटलांनी शाल उलगडली, नारळ पुढे केला आणि भाषणासाठी घसा खाकरला.

सगुणाबाईने शाल घेतली नाही. कमरेचं खुरपं काढून तिने पाटलांपुढे धरलं. "ही शाल तुमच्या जवळच ऱ्हाऊ द्या. पावसानं वर पुन्यांदा रोपं आल्यात. शिडी लावलीया."

हलगी थांबली. पाटलांनी शिडीकडे पाहिलं, मग आपल्या नव्या जोड्यांकडे पाहिलं. तेवढ्यात तुळसाबाई पुढे आली. तिने पदर खोचला, खुरपं घेतलं आणि ती शिडी चढली. तिच्यामागे सहा जण आले. बाकीचं गाव सोनं लुटायला गेलं.

आता ओढ्याकाठी दहा-बारा पिंपळ सळसळतात आणि दमलेली माणसं त्यांच्या सावलीत बसतात. अर्धी वेस उभी आहे. कुणी पाहुणा आला की लोक त्याला तिथे नेतात आणि छाती फुगवून सांगतात, "ही आमची वेस." शिडी चढलेल्या त्या सात घरांतली माणसं मात्र असं काही सांगत नाहीत. मंगळवारी ती शिडीवर असतात, त्यांना वेळ नसतो.

तात्पर्य: पूर्वजांच्या वास्तू अभिमानाच्या भाषणांनी उभ्या राहत नाहीत. ज्याचे हात तिच्यासाठी मळतात, वास्तू त्याची.